वाळवणाचे पासबुक

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला जगाकडे बघायला देवाने दोनच रकाने दिले आहेत. एक नावे, दुसरा जमा. कवी लोकांना चंद्रात प्रेयसीचा मुखडा दिसतो. आम्हांला पंधरा दिवस जमा आणि पंधरा दिवस नावे पडणारं एक चालू खातं दिसतं, आणि अमावस्येला शिल्लक शून्य होऊनही त्याच्यावर दंड कसा पडत नाही याचं नवल वाटतं. तेव्हा पापड-कुरडयांबद्दल बोलता बोलता मी मुदत ठेवीवर घसरलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेला माणूस घसरतोदेखील ठरलेल्या दिशेनेच.

मुद्द्याचं सांगतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतली सर्वांत जुनी बँक कोणती, असं मला विचाराल तर मी म्हणेन, घराघरातलं वाळवण. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही. तिची शाखा प्रत्येक स्वयंपाकघराच्या माळ्यावर असते, घरातली सर्वांत वयस्कर बाई ही तिची मॅनेजर, आणि कामकाजाची वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. मध्ये जेवणाची सुट्टी नाही. ही बँक बुडाल्याची बातमी निदान माझ्या तरी वाचनात आलेली नाही.

अडचण एवढीच, की या बँकेचा आणि आमच्या बँकेचा हंगाम एकच. ३१ मार्चला आमचं वर्ष संपतं. संगणक आल्यापासून ताळेबंद आपोआप जुळतो म्हणतात. तो आपोआप जुळला की नाही हे बघायला मात्र आम्हांला रात्री अकरापर्यंत बसवून ठेवतात. दमूनभागून घरी यावं तर घरी नवं वर्ष सुरू झालेलं असतं. ओट्यापासून न्हाणीपर्यंत पातेल्यांची रांग, प्रत्येकावर ताट झाकलेलं, आणि आतून सौ.चा आवाज : "अहो, त्याला हात लावू नका, तिसरा दिवस आहे!" नवख्या माणसाला वाटावं, घरात कुणी आजारी आहे. आजारी कुणी नसतं. कुरडयांचा गहू भिजत असतो. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग तो वाटायचा, गाळायचा, चीक खाली बसू द्यायचा, तो पहाटे उठून शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून पाडायचा. कर्जाच्या प्रकरणालासुद्धा आमच्याकडे इतके टप्पे नाहीत.

आता आमच्या चंद्रपूरच्या उन्हाबद्दल. मे महिन्यात पारा ४६ अंशांवर गेला तर इथे कुणी मान वर करून बघत नाही. तसं बघायची सोयही नसते. पुण्याचे नातेवाईक टीव्हीवर आकडा बघून घाबऱ्या घाबऱ्या फोन करतात, "कसे रे राहता तुम्ही?" फोन आईने घेतला तर ती म्हणते, "मस्त कडक ऊन आहे गं, सांडगे दोन दिवसांत वाळले." दुसऱ्या जिल्ह्यांत ऊन ही आपत्ती असते, आमच्याकडे तो कच्चा माल आहे. तोही फुकट, घरपोच, आणि वजनात कधी कमी न भरणारा.

स्लॅबवर जुनी लुगडी आणि चादरी अंथरल्या, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, की घरात एकच जागा रिकामी उरते. कावळे हाकणाऱ्याची. या जागेसाठी माझी निवड दरवर्षी बिनविरोध होते. सौ.चं म्हणणं असं, की एका जागी बसून समोर येणाऱ्याला हात हलवून परत पाठवायचं, या कामाचा वीस वर्षांचा अनुभव घरात दुसऱ्या कुणाला आहे? रविवारी मी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, हातात काठी घेऊन त्या वाळवणासमोर बसतो आणि कावळ्यांना, "आज नाही, उद्या या," असं सांगत राहतो. कावळे खातेदारांपेक्षा चिकट. त्यांना उद्यापर्यंत थांबायची सवय नाही.

या दिवसांत हवामान खात्यापेक्षा आमच्या गल्लीचं खातं जलद चालतं. आभाळाच्या कडेला ढगाचा एक तुकडा दिसू द्या, पहिल्या घरच्या काकू ओरडतात, "आभाळ आलं गं!" आणि मिनिटभरात गल्लीतल्या बारा स्लॅबवरच्या बारा संसारांची आवराआवर होते. धाकटी पोरं, जावई, भाडेकरू, कुणालाही सवलत नाही. कुणाच्या कुरडया कुणी उचलल्या याचा हिशेब नंतर होतो, आणि तो नेहमी जुळतो. ढग मात्र निम्म्या वेळा नुसताच दर्शन देऊन जातो, ठेवी मागायला आलेल्या मोठ्या साहेबांसारखा.

या बँकेत ठेवी बारा महिने येतात. आमच्या पूर्वेकडचा भाग, म्हणजे नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावली, हा धानाचा मुलूख. दिवाळीच्या आगेमागे धान कापून येतं, मळून ढोलीत पडतं. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली कणगी. थंडीत भाजीचा पूर येतो. वांगी इतकी येतात की शेजारी दिसला की तो आपल्याला वांगी देईल म्हणून माणसं रस्ता बदलतात. तेव्हा देशी वांगी चिरून उन्हात टाकायची, त्यांच्या होतात खुला. हरभऱ्याची आणि लाखोळीची कोवळी पानं खुडून वाळवायची. पोपटाचे दाणे वाळवायचे. (मुंबई-पुण्याच्या वाचकांनी घाबरू नये, आमच्याकडे पोपट म्हणजे वालाची शेंग. आम्ही पक्षी वाळवत नाही.) चैत्रात चिंच येते; ती फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून तिचे गोळे. मग कोहळा किसून उडदाच्या डाळीत घातलेले सांडगे, मुगवड्या, काडीवर वळलेले सरगुंडे, भरल्या मिरच्या, आंबोशी, लोणचं. आणि तलाव आटत आले की झिंगे. हे झिंगे येतात मामा तलावातून. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी गेली, मालगुजार गेले, तलाव मात्र नात्यात येऊन बसले आणि मामासारखेच आजतागायत आम्हांला खाऊ पुरवतात.

हे सगळं टिकतं कसं, यावर मी माझ्यापुरता एक शोध लावला आहे. विज्ञान शाखेच्या मित्राने तो तपासून बरोबर असल्याचा शेरा दिला, म्हणून इथे देतो. कुजवण्याचा धंदा करणारे जंतू आणि बुरशी यांना धंद्याला खेळतं भांडवल लागतं, ते म्हणजे पाणी. उन्हाने पाणी काढून घेतलं की त्यांचं दुकान बसतं. लोणच्यात तर त्याहून गंमत. तिथे पाणी डोळ्यांना दिसत असतं, पण भरपूर मिठाने त्यावर जप्ती आणलेली असते. खातं गोठवलेलं! शिल्लक दिसते, काढता येत नाही. जंतू बिचारे उपाशीच. मुरंब्यात हेच काम साखर करते. वरून तेलाचा थर दिला की हवेचा दरवाजाही बंद. आमच्या आईने अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही, पण एखाद्याची तरलता कशी संपवायची हे तिला पाठ आहे.

बाहेरच्या जगालाही ही विद्या काही सोपी गेली नाही. फ्रान्सच्या सरकारला आपल्या सैन्यासाठी टिकाऊ अन्न हवं होतं. निकोला आपेर नावाच्या हलवायाने बाटल्यांत अन्न घालून, बुचं घट्ट मारून, त्या पाण्यात उकळायची युक्ती काढली आणि १८१० साली सरकारकडून १२,००० फ्रँक घेतले. अन्न का टिकतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. ते कळायला पुढे पाश्चर यावा लागला. त्याच साली इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. डबा उघडायच्या हत्याराचं पेटंट अमेरिकेत निघालं ते १८५८ साली. मधली चाळीस-पन्नास वर्षं माणसं छिन्नी-हातोड्याने जेवण उघडत होती. लॉकर द्यायचा आणि किल्ली नातवाच्या हाती ठेवायची, अशातला हा प्रकार. आमच्या आजीचं गाठोडं बरं, सुतळी सोडली की जेवण समोर.

इथवर मी घरच्या स्लॅबवरून बोललो. आता वैनगंगा ओलांडतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, आणि नोकरदारांना घाबरायला एक हक्काचं ठिकाण मिळालं. गडचिरोलीला बदली झाली की सहकारी घरी येतात, पण पेढे मागत नाहीत; हळू आवाजात "तब्येतीला जप" म्हणतात. माझी तिकडे बदली झाली तेव्हा आमच्या मॅनेजर साहेबांनी मला दोन गोष्टी भेट दिल्या होत्या, मच्छरदाणी आणि धीर. दोन्हींपैकी मच्छरदाणी कामी आली.

२०१४ साली जनधन योजना सुरू झाली. ज्यांचं खातं नाही त्यांचं खातं काढायचं, तेही शून्य शिल्लकीवर. आम्ही फॉर्मांचे गठ्ठे, शाईचं पॅड आणि बिस्किटांचे पुडे घेऊन टोल्याटोल्यांवर शिबिरं घ्यायला लागलो. अशाच एका टोल्यावर, चार घरं सोडून, एक म्हातारी शिबिरात येईना. मग शिबिरच तिच्याकडे गेलं. म्हणजे मी आणि आमचा शिपाई. तो तिकडचाच, त्यामुळे त्याला माणसं ओळखत होती आणि मला त्याच्यामुळे बसायला बाज मिळत होती.

मी फॉर्म उघडला. व्यवसाय? "जंगल." वार्षिक उत्पन्न? म्हातारी हसली. बचत? या रकान्यापुढे कंसात रोख, ठेवी, दागिने असे तीन पर्याय छापलेले होते. म्हातारीने विचारलं, "बचत म्हंजे का होय जी?" मी म्हटलं, "माय, पुढच्या अडचणीसाठी बाजूला ठेवलेलं असतं ते." "मंग असं म्हना ना," म्हणत ती उठली आणि मला आत घेऊन गेली.

आत अंधार होता. डोळे सरावल्यावर जे दिसलं ते सांगतो. एक ढोली धानाची. तिच्याशेजारी तणसात बांधलेलं बियाण्याचं धान, वेगळं. "याले हात लावाचा नाही, पोट पाठीले लागलं तरी," म्हातारी म्हणाली. रिझर्व्ह बँक आम्हांला ठेवींपैकी काही हिस्सा राखून ठेवायला लावते, त्यासाठी परिपत्रकं काढावी लागतात. इथे तो परिपत्रकाशिवाय राखलेला होता. चुलीच्या वर, धूर लागेल अशा उंचीवर टांगलेल्या टोपल्या. एकीत वाळलेली मोहफुलं, विटकरी रंगाची, मनुकांसारखी. दुसरीत वाळवलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब. भोपळ्याच्या तुंब्यांत भाजीपाल्याचं बी. मडक्यात लाखोळी. सुके झिंगे. बाटलीत टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. चिंचेचे गोळे. आणि एका फडक्यात मूठ-दोन मूठ चारोळी. एके काळी भामरागड-बस्तरच्या बाजूला मिठाच्या बदल्यात ही चारोळी मोजून दिली जायची असं जुनी माणसं सांगतात. त्या विनिमयाच्या दरावर कुठल्याही अर्थमंत्र्याने भाषण केल्याचं ऐकिवात नाही.

त्या दिवशी महिन्याची वीस तारीख होती. माझ्या खात्यात पुढच्या पगारापर्यंत पुरवायला रुपये ४१२ होते. त्या घरात सहा माणसांचा पावसाळा होता.

मी खाली बसलो. फॉर्ममध्ये रोख, ठेवी, दागिने. मोहफुलाचा रकाना नव्हता, ढोलीचा नव्हता, तुंब्याचा नव्हता. ज्याला रकाना नाही ते जगात नाही, हा संगणकाचा धर्म. तेव्हा दिल्लीपर्यंत पोचली ती शून्य शिल्लक. मी तिला समजावून सांगितलं, की बँकेत पैसा सुरक्षित राहतो, लागेल तेव्हा काढता येतो. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "साहेब, आषाढात नाला भरला का तुमची बँक मले दिसत बी नाही. माही ढोली बंद होते का जी?"

याला आमच्या परिपत्रकात उत्तर नव्हतं. दर पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो हे पेपरात वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं. अशा दिवसांत एटीएम कितीही चोवीस तास उघडं असलं तरी ते पलीकडच्या काठावर उघडं असतं. म्हातारीने अंगठा दिला, खातं काढलं. सरकारचे पैसे यायचे तर ते लागतंच, हे तिलाही कळत होतं. निघताना तिने पळसाच्या दोन्यात भाजलेली मोहफुलं आणि तीळ दिले. "खा जी," म्हणाली, "तुमचे बिस्कुट पोरांनी खाल्ले." मी खाल्ली. गोड, जराशी धुरकट, आणि पोटाला आधार देणारी. परतीच्या आठ किलोमीटरांत मला भूक लागली नाही.

या मोहफुलाची एक कर्मकथा आहे. मोह म्हटलं की शहरी माणूस डोळा मारतो. त्याला फक्त बाटली ठाऊक. कायद्यालाही बरीच वर्षं बाटलीच ठाऊक होती. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मोहफुलाला दारूच्या पंगतीत बसवलं, त्यामुळे फुलं साठवायची, न्यायची-आणायची तर परवान्याचा प्रश्न. गहू सडवला तर त्याचीही दारू होते, पण म्हणून माझ्या सौ.ला कुरडयांचा गहू भिजवायला परवाना लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती तिथल्याच लोकांनी, त्यातही बायकांनी मागून घेतलेली आहे, हे मुद्दाम सांगतो. त्याच बायका मोह वेचतात, वाळवतात, लाखोळीबरोबर शिजवतात, फुलं उकळून त्या गोड पाण्यात पीठ मळतात, लाडू वळतात. ज्या घरी धान संपलं त्या घरी मोहाने दिवस काढले आहेत. अखेर २०२१ साली राज्य सरकारने मोहफुलावरचे निर्बंध सैल केले. म्हणजे फुलाची निर्दोष मुक्तता व्हायला सत्तर वर्षांच्या वर लागली. आपल्याकडच्या दाव्यांच्या मानाने लवकरच म्हणायचं.

मात्र ही ठेव स्वस्तात जमा होत नाही. मोह गळतो पहाटे. मार्च-एप्रिलच्या अंधारात बायका टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण उशीर केला की गुरं, हरणं आणि ऊन आधी पोचतात. अस्वलाला मोह माणसाइतकाच आवडतो. आणि आमच्या चंद्रपुरात वाघ काही ताडोबाची हद्द वाचून चालत नाही. वाकून फुलं वेचणारी बाई झुडपाआडून चार पायांच्या जनावरासारखी दिसते. दरवर्षी या दिवसांत पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी येते, मोह वेचायला गेलेली बाई परत आली नाही अशी. मी ती बातमी आली की पान उलटू शकत नाही. आम्ही बँकेत जोखीम या विषयावर दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतो, मधल्या वेळेत समोसा असतो. या टोपलीभर फुलांमागची जोखीम कुठल्या तक्त्यात बसवायची ते कुणी शिकवलं नाही.

लाखोळीचंही तसंच, तिच्यावरही ठपका. धान उभं असतानाच त्याच्या पायाशी ओलीत ही डाळ फेकतात. ना नांगर, ना खत, धान कापून होईतो ती हिरवी होऊन बसलेली. दुष्काळात ज्यांच्याकडे दुसरं काहीच उरलं नाही आणि ज्यांनी महिनोन् महिने नुसती लाखोळीच खाल्ली, त्यांचे पाय लुळे पडले. तिच्यात तसं एक द्रव्य असतं. त्यामुळे तिच्या विक्रीवर बंदी आली; महाराष्ट्रात ती २००८ साली उठली. आमची आई लाखोळी भिजत घालते, ते पाणी फेकते, उकळते, तेही पाणी फेकते आणि मग वडे करते. कारण विचारलं तर सांगते, "माझी आई करायची." शास्त्रज्ञ म्हणतात, यानेच ते द्रव्य बरंचसं निघून जातं. यातला धडा मात्र माझ्या खात्यातला आहे : सगळी ठेव एकाच ठिकाणी ठेवू नये. हे सांगायला आम्ही सूट घालून गुंतवणूक सल्लागार बोलावतो. म्हातारीच्या घरात अकरा ठिकाणी ठेव होती.

आणि बियाण्याच्या ठेवीवर व्याज किती मिळू शकतं, त्याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शाळा जेमतेम, शेत दीड एकर. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसऱ्याने त्या बाकीच्यांबरोबर कुटून खाल्ल्या असत्या. यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या वर्षी पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा ठेवल्या. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव पडलं : एच.एम.टी. आज हे वाण महाराष्ट्राबाहेरच्या शेतांतही आहे. २०१८ साली दादाजी गेले. मूळ ठेव मूठभर लोंब्या, आणि व्याज अर्धा देश जेवतो. व्याजातला त्यांच्या वाट्याला किती आला, ते विचारू नका; त्या खात्यावर त्यांचं नाव नीट लागलंच नव्हतं.

आता पुन्हा माझ्या घरी. आमची आई पंचाहत्तरीला आली. माहेर सिंदेवाहीकडचं, हात धानाच्या मुलखातला. तिचं हे ज्ञान कुठेच लिहिलेलं नाही, हे ध्यानात आल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला. मी नवं रजिस्टर आणलं, रकाने आखले, आणि तिच्यासमोर बसलो.

"आई, सांडग्यांना मीठ किती?"

"लागेल तेवढं."

"म्हणजे किती लागेल?"

"पिठाला विचारायचं."

"बरं, ऊन किती दिवस?"

"वाळेपर्यंत."

"आणि वाळलं हे कसं कळतं?"

"आवाजावरून," असं म्हणून तिने एक सांडगा दुसऱ्यावर आपटून दाखवला. मी रजिस्टरात 'आवाज' असं लिहिलं. किती डेसिबल ते रिकामं ठेवलं. ऑडिटर आला असता तर त्याने पहिल्याच पानावर लाल शाईची दौत उपडी केली असती.

मात्र या हिशेबात एक गोष्ट मला रजिस्टरामुळेच कळली. मी 'जमा' आणि 'शिल्लक' यांत मेळ घालत होतो, तो बसेना. इतक्या कुरडया पाडल्या, आणि डब्यात निम्म्याच? मला वाटलं, कावळे. काठी तर माझ्याच हातात होती. आईने सांगितलं, शेजारच्या काकूंकडे एक डबा, पुण्याच्या मावशीकडे एक, नुकत्या बाळंत झालेल्या भाडेकरणीला एक, आणि भांडी घासणाऱ्या बाईच्या लेकीचं लग्न, तिला एक. मी म्हटलं, "अगं, मग आपल्याला काय उरलं?" ती म्हणाली, "बाबू, डबा रिकामा परत येतो का कधी?" खरंच येत नाही. काकूंच्या डब्यातून आंबोशी आली होती, मावशीकडून गव्हल्या आल्या होत्या, आणि बाळंतीण भाडेकरीण हिंडायला लागल्यावर तिच्या माहेरची जवसाची चटणी. आमच्या बँकेत व्याजाचा दर वर्षातून चार वेळा बदलतो. हिच्या बँकेत तो आजवर एकदाही घसरलेला नाही.

सौ. नोकरी करते. मुलगी कॉलेजात. मेच्या सुट्टीत स्लॅबवर चढायला कुणालाच सवड नसते, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पाकिटात सगळं मिळतं. त्याला मी नावं ठेवत नाही. बचत गटाच्या बायका ते पाकीट भरतात, त्यांचीही चूल त्यावर चालते. पण पाकिटाला डबा परत करता येत नाही. आणि पाकिटावर मीठ ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. पिठाला विचारायचं कसं, ते त्यावर छापलेलं नसतं.

आमच्याकडे प्रत्येक खात्याला वारस नेमायची सोय असते. फॉर्मच्या शेवटी तो रकाना असतो. या वर्षी आईचे गुडघे दुखत होते, तरी ती जिना चढून वर आली आणि खुर्ची टाकून बसली. सौ.ने रजा घेतलेली, मुलीने परातीत कोहळा किसून डाळीत कालवलेला. आईला आता नीट दिसत नाही, म्हणून तिने ते कच्चं पीठ बोटावर घेऊन चाखलं आणि काहीच बोलली नाही. मग मुलीला म्हणाली, "आता तू चाख. काय कमी आहे?" मुलीने चाखलं, जरा थांबली, म्हणाली, "मीठ चिमूटभर. आणि जिरं." आईने मान हलवली. सही जुळली.

मी रजिस्टर घ्यायला उठलो तर सौ. म्हणाली, "अहो, ते राहू द्या. कावळा बघा."